दक्षिणेची भिंत

काराकोलमध्ये मार्चात, नवरोजच्या आधी सगळेजण घरं रंगवतात आणि सगळे तीच चूक करतात. उन्हानं भुकटी झालेल्या जुन्या रंगावरच नव्या निळ्याचा हात मारतात. सतराशे मीटर उंचीवरचं ऊन. शरदापर्यंत भिंत पांढुरकी. मी रसायनशास्त्र शिकलेली, म्हणून यंदा भिंत खरवडली, धुतली, अस्तर दिलं आणि उन्हाला टिकणाऱ्या रंगाचे दोन हात दिले.

"चला, डिग्री कुठेतरी कामाला आली," आई म्हणाली.

खरं कारण वेगळं होतं. गेल्या शरदात ही दक्षिणेची भिंत विटली, पण दाराजवळ माणसाच्या आकाराचा एक तुकडा ताजा निळा राहिला. मान, खांदे, किंचित वाकडा डावा पाय. रंग उन्हानं विटतो. टिकायला सावली लागते. तिथे उन्हाळाभर कोणी उभं नव्हतं.

माझ्या भावाचा, कुबातचा, डावा पाय तसाच होता. तो मॉस्कोला बांधकामावर गेला. तीन वर्षं फोन बंद.

ऑगस्टमध्ये एसेनकुल काका आले.

"वहिनी, पुरे झालं. अंगणात मयतीचा युर्त-तंबू उभारू, घोडा कापू, कुराण वाचू. पोराला सुटू द्या."

"प्रेत आणलंयस?"

"वहिनी..."

"नाही ना? मग घोड्याला चरू दे. चहा पी."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. माझा रंगही विटला होता. निळा आकार परतला होता, दाराच्या वीतभर जवळ.

"बेगाय, तू शिकलेली. सांग हिला, काय आहे हे."

"सावली," मी म्हणाले. "कोणाची ते माहीत नाही."

"आजच रंग फिरवा त्यावर."

आई रंगाच्या डब्यावर ठाण मांडून बसली. "फिरवून दाखव."

काका चहा न पिताच गेले.

सप्टेंबरात एका दुपारी आईनं मला बाहेर बोलावलं.

आकाराचा एक हात खाली आला होता. त्या हाताला लागून दुसरा, लहानसा निळा आकार. काल तिथे विटलेली भिंत होती. विटलेला रंग परत येत नाही.

"मेलेल्यांना पोरं होतात का गं?" आई हसत होती. "बोलाव तुझ्या काकाला. आधी उंची मोज."

मी शिवणाची फीत आणली. एक टोक लहान डोक्यावर धरलं, दुसरं खाली सोडलं.

एक्क्याऐंशी सेंटिमीटर.

वारा होता. आईचा रुमाल फडफडत होता.

फीत हलत नव्हती.

मग खालून कोणीतरी ती हलकेच ओढली.