विहिरीतल्या दगडाचा काप

वसमतच्या कॉलेजात बारा वर्षं भूशास्त्र शिकवून समरीन मॅडमचा हात इतका बसला होता, की निम्मे दगड त्या नुसत्या वजनावरून ओळखायच्या. कुरुंद्याच्या माणिकरावांनी टॉवेलात गुंडाळून आणलेला विहिरीच्या भिंतीचा दगडही त्यांनी भिंगातून एकदा पाहिला आणि तहसीलला फोन करून टाकला, "अखंड काळा दगड आहे. आत पोकळी नाही." चूक झाली ती इथंच.

माणिकरावांचा धाकटा भाऊ भीमराज सहा दिवसांपूर्वी विहिरीत सुरुंग भरायला उतरला होता. सुरुंग आधीच उडाला. सगळा मलबा उपसला, पण भीमराज काही सापडला नाही. भिंतीआड कपार असेल तर शोध चालू ठेवायचा, नाहीतर विहीर बुजवायची, असं ठरलं होतं.

"पर ही पांढरी गारगोटी पयले नव्हती, म्याडम," माणिकराव म्हणाले. "तेवढी बघा ना."

त्यांचं मन मोडवेना म्हणून मॅडमनी दगडाचा काप काढला. मागचं अक्षर वाचता येईल इतका पातळ घासला. दुपारी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काळ्या दगडाचे कण ओळखीचे होते. मधलं पांढरं खनिज मात्र कुठल्याच तक्त्यात बसेना.

खालची तबकडी फिरवली की असे कण काळे पडतात, पुन्हा उजळतात. हा कण तबकडी न फिरवताच काळा पडला.

मॅडमनी हात मांडीवर घेतला. कण उजळला. पुन्हा काळा पडला. त्यांनी दिवा तपासला, वायर तपासली. शेजारचे कण स्थिर होते.

"काय दिसून राहिलं?"

त्यांनी खुर्ची सोडली. माणिकरावांनी डोळा लावला, तो बराच वेळ काढलाच नाही.

"दोन लांब, एक आखूड," ते हळूच म्हणाले. "झोपेत भीमराजचा श्वास असाच चालतो. एका वाकळंत निजलोय आमी."

मॅडमनी विहिरीवर असलेल्या तहसीलदारांना फोन लावला. "थांबवा. माझं चुकलं."

पलीकडे जेसीबीचा आवाज येत होता. निम्मी विहीर बुजली होती.

"कारण लेखी द्या, मॅडम."

त्यांनी कागद ओढला. तारीख घातली, खाली 'कारण' लिहिलं आणि पेन तिथंच टेकवून ठेवलं.

"म्याडम," माणिकराव म्हणाले, "आता समदे आखूडच येऊन राहिले."

पाच वाजता शिपाई पद्माबाई खोली बंद करायला आल्या. त्यांनी बटणाकडे हात नेला.

"दिवा इझवू नका, मावशी." माणिकरावांनी मान वर केली नाही. "त्यो अंधाराला भेतो."