मागच्या ओट्यावरचं पॅनेल

मागच्या ओट्यावर जनरेटर बसवून तीन दिवस झाले. तो एकदाही तापला नव्हता. सुनेचं डोकं मात्र रोज तापत होतं. औषधांच्या दुकानात डॉक्टरांचं कसलंही अक्षर लावणारी ती, पण या पॅनेलपुढे तिनं हात टेकले होते. ऑटो, बंद, मॅन्युअल अशी तीन बटणं, शेजारी बाणाची दोन आणि वर काडेपेटीएवढा पडदा. माहितीपुस्तकात चित्र एका मॉडेलचं, मजकूर भलत्याचाच.

सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागायचं. लाइट गेली की जनरेटर आपणहून सुरू व्हायला हवा, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

सकाळचे अकरा वाजले होते. घरात लाइट होती, जनरेटर गार आणि गप्प होता. तरी पडद्यावर ‘लोड चालू’, म्हणजे जनरेटर कशाला तरी वीज पुरवतोय.

तिनं मेकॅनिकला फोन लावला.

“लाइट असताना लोड? चुकीचं वाचत असाल, ताई.”

“मला वाचता येतं हो!”

“बरं, बंदचं बटण दाबून ठेवा. मी निघालोच.”

तिनं दाबलं. अक्षरं विझली. घरात काहीतरी पडलं.

अण्णांच्या हातून पेपर निसटला होता. मशीन घुरघुरत होतं, हिरवा दिवा लागलेला, नळी नाकात जागच्या जागी. छाती मात्र हलत नव्हती.

“अण्णा! अहो अण्णा!”

तिनं त्यांना गदागदा हलवलं, नाकाशी बोट धरलं. काहीच नाही. काय सुचलं कोण जाणे, ती मागे धावली आणि तिनं ऑटो दाबलं.

आतून खोकला ऐकू आला. “सूनबाई, माझा पेपर कुठं गेला गं?”

तिनं त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली. सत्त्याण्णव. डॉक्टरांना कळवलं, ते संध्याकाळी येतो म्हणाले. योगायोग, तिनं स्वतःला बजावलं. पण बटणाला परत हात लावायची तिची छाती झाली नाही.

अर्ध्या तासानं मेकॅनिक आला. त्यानं झाकण उघडलं आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला.

“ताई, घराकडची केबल अजून जोडलेलीच नाही. बसवताना कमी पडली होती. बॅटरीसुद्धा माझ्या गाडीतच राहिली, आत्ता आठवलं.”

“मग हा पडदा कशावर चालतोय?”

त्याचं बोट बंदच्या बटणाकडे गेलं. तिनं मनगट धरलं.

“नको.”

“एकदा रीसेट करून...”

“नको म्हणते ना!”

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि नुसता खालचा बाण दाबला.

‘शिल्लक तास ४१.’

“कशाचे?”

“वीस वर्षं हेच काम करतोय, ताई. अशी ओळ कुठल्याच पॅनेलवर पाहिली नाही.”

आत अण्णांनी पेपरचं पान उलटलं.

आकडा चाळीस झाला.