आरशाची निळी पाठ

"अंहं, जरा जवळून... हाऽ करून श्वास सोडा," तो म्हणत होता, आणि ती बाई आरशाच्या पाठीवर वाकून अगदी मनापासून श्वास सोडत होती.

मी दारात उभी. हातात मामांनी दुरुस्तीला पाठवलेली, झाकण दुखावलेली चांदीची डबी. पण डबीची पर्वा होती कुणाला?

तसं जुन्या चांदीवर श्वास सोडणं ही आमच्या धंद्यातली साधी गोष्ट. वाफ धरली की पुसून टाकलेलं नाव, लपवलेला सांधा, कुणीतरी केलेली लबाडी क्षणभर वर येते. मी रोज हेच करते. पण त्यासाठी दोन डोकी इतकी जवळ आणावी लागत नाहीत. आमची दोघांची यायची, ते वेगळं... ते काम असायचं.

तो म्हणजे डागडुजी. हे नाव माझ्या मामांनी ठेवलेलं. चांदीवरचा मिना, म्हणजे तो काचेसारखा चकचकीत रंग, कुठे उडाला की तो भरून देतो. रस्त्याच्या एका बाजूला वरच्या मजल्यावर त्याची खोली, समोर खाली मामांचं जुन्या वस्तूंचं दुकान. दुकानात मी. वस्तू कुठली आणि किती जुनी, ते सांगायचं आणि कुठे हात फिरवलाय ते पकडायचं, हे माझं काम. तो लपवणार, मी शोधणार. छान चाललं होतं आमचं.

"ये ना," तो म्हणाला. "यांच्या आजेसासूबाईंचा चांदीचा, दांड्याचा आरसा आहे. तयार झाला की वय काढायला तुमच्याकडेच येणार."

"दीडशे वर्षांचा आहे," बाई म्हणाल्या. कानात मोत्यांचे डूल, बोलण्यात साखर. "ह्यांच्या हातात जादू आहे म्हणे."

ह्यांचे हात मला चांगले ठाऊक होते. लांब बोटं, नखांच्या कडेला कायम कुठला तरी रंग. त्या हातांबद्दल परक्या बाईने मला सांगावं?

"कोपऱ्यातला टवका तर आहे. दोन दिवसांचं काम," मी म्हणाले.

"महिना लागेल," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

महिना.

त्या महिन्यात आमच्या दुकानाची काच फार स्वच्छ राहिली. मोत्यांचे डूल जिना चढताना दिसले की मी फडकं घेऊन उभी. बाई सहज बघायला यायच्या, आणि सहज बघायला बराच वेळ लागायचा.

"काच पुसतेस की झिजवतेस?" मामांनी विचारलं.

"धूळ फार आहे."

"आहे खरी," मामा म्हणाले. "समोरच्या जिन्यावर जास्त."

मी फडकं ठेवून दिलं. मामांसमोर ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नसतो.

अखेर आरसा माझ्या टेबलावर आला. दांड्यावर तीन ठसे, एक चांदीच्या कसाचा, एक शहराचा, एक घडवणाऱ्याचा. पाठीवर पारदर्शक निळा मिना, त्याखाली चांदीत यंत्राने कोरलेल्या बारीक लाटा. त्या घडवणाऱ्याचा ठसा आणि अशा लाटा एकत्र आल्या म्हणजे वय शंभरच्या आसपास. दीडशे नाहीच. बाईंची पन्नास वर्षं कापताना हात कसा हलका चालला.

मग भिंग कोपऱ्याकडे सरकवलं, आणि हात थांबला.

यंत्राच्या लाटा सारख्या असतात, एकीची उंची दुसरीला तंतोतंत. इथे तिसरी लाट किंचित थरथरली होती. चौथीही. कुणीतरी ती हाताने कोरली होती. टवका उडताना खालच्या लाटाही चेपल्या असणार. कुठलाही दुरुस्तीवाला वरून निळा रंग भरतो आणि मोकळा होतो, खालचं कोण बघतंय? याने एकेक लाट पुन्हा कोरली होती, केसाएवढी, आणि मग वर रंग भरला होता. रंग असा जुळवलेला की सांधा नुसत्या डोळ्याला दिसूच नये.

इतकं सुंदर काम मी आजवर पाहिलं नव्हतं. आणि ते तिच्यासाठी होतं.

अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे डोळे भरून आले, भिंगाला काही दिसेना. इतका जीव कुणी उगाच ओततं का? मी आरसा कापडात गुंडाळला आणि थेट त्याचा जिना चढले.

तो दिव्याखाली वाकून बसला होता. "सापडलं?" त्याने विचारलं.

"तिसरी लाट."

"अरे... मला वाटलं, निदान पाचव्या लाटेपर्यंत निभावेल." तो चक्क खूश दिसत होता. हसू ओठांत मावत नव्हतं.

"अभिनंदन. बाईंना फार आवडेल."

"बाईंना?" तो गोंधळला. "बाई तो कपाटावर उभा करणार आहेत. पाठ भिंतीकडे. परवाच विचारत होत्या, पाठीला एवढा वेळ का लावता?"

"मग का लावलास?"

 त्याने फळीवरून एक पावडरची डबी काढून माझ्यासमोर ठेवली. "ही दुसऱ्या दुकानात जायची आहे. बघ."

मी बघितली. नीटनेटकं काम. वर निळा, खाली सपाट चांदी.

"आता ही." मामांची डबी. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी उलटून बघणार नाही, तिथे हिरव्या रंगाखाली पानाच्या शिरा पुन्हा कोरलेल्या होत्या. एकेक.

मी एकदा ती डबी बघितली, एकदा ही. मग पुन्हा ती. तपासायची सवय वाईट.

"जे तुझ्या भिंगाखाली जाणार असतं ना..." तो थांबला. मान खाली घालून टेबलावरचा नसलेला कचरा झाडू लागला. "तेच मी असं करतो. दुसरं कोणी खालपर्यंत बघतच नाही. आणि तू पकडलंस की... मला बरं वाटतं."

दिव्याची ऊब गालांना लागत होती. निदान मी तरी ती दिव्याची समजले.

"मग तिला श्वास कशाला सोडायला लावलास?"

"टवक्याची भेग किती लांब गेलीय ते तिला दाखवत होतो—" तो बघतच राहिला. "तू महिनाभर त्यावरून रागावली होतीस?"

"रागावले नव्हते. जळत होते." म्हटलं, आता लपवून काय करायचं? "आणि अजून जळतेय. बाईवर नाही. या आरशावर. महिनाभर तुझ्या हातात होता."

 तो उठून हात पुसू लागला, पुन्हा पुन्हा, पण नखांकडचा निळा काही जाईना. "रंग लागेल तुला," तो हळूच म्हणाला.

"लागू दे," मी म्हणाले, आणि माझा हात त्याच्या हातात दिला.

दुकानात परतले तेव्हा मामा गल्ल्यावर बसले होते. मी आरसा ठेवला, वय सांगितलं, मूळ सांगितलं, दुरुस्ती कुठे आहे तेही सांगितलं. मामांनी आरशाकडे बघितलंच नाही. चष्मा वर करून माझ्या मनगटाकडे बघितलं. तिथे चार बोटांचे निळे ठसे होते.

"डागडुजीचं काम," मामा म्हणाले. "कधीचं?"

"आत्ताचं," मी म्हणाले. कानापर्यंत तापले होते.

मामांनी मान हलवली. "इतकी वर्षं शिकवलं," ते म्हणाले, "पण तुला अजून वय ओळखता येत नाही."