अर्थिंगचं पाणी

ही घटना खरी आहे.

हे वाक्य लिहून मी एकदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. माझ्या वयाच्या माणसाने 'खरी' हा शब्द जपून वापरावा. पण दुसरा शब्द सापडत नाही. जे ऐकलं ते मी ऐकलं, माझ्या मुलीनेही ऐकलं. त्याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही.

अशा गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

साल १९८७. गाव नाचणगाव, पुलगावला अगदी लागून. एप्रिल संपत आलेला. आमच्याकडची त्या दिवसांतली दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. दारं बंद, खिडक्यांवर ओल्या चादरी. सगळं गाव जागं असतं, पण कुठूनही आवाज येत नाही.

मी तेव्हा पुलगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. घरात मी आणि माझी मुलगी सुलोचना, दोघंच.

माझी बायको कमला आदल्या वर्षीच्या मे महिन्यात गेली होती.

तिची किडनी निकामी झाली होती. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं. सकाळी एक फुलपात्र, संध्याकाळी एक. जास्त दिलं तर छातीत पाणी भरेल, म्हणाले. मी लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. पुस्तकातही तेच होतं. मी वाचलेलं पाळणारा माणूस आहे.

शेवटी शेवटी तिला बोलवत नसे. मग ती रिकामं फुलपात्र लोखंडी पलंगाच्या कडेवर आपटायची.

टक... टक.

मी गेलो की ओठ हलवायची. "अवो, घोटभर द्या ना."

"आता संध्याकाळी," मी म्हणायचो.

सुलोचना दारात उभी राहून बघायची. एकदाच म्हणाली, "द्या ना, बाबा."

मी दिलं नाही.

मी बरोबर होतो. आजचा डॉक्टरही तेच सांगेल. मला ते माहीत आहे, आणि त्याचा काही उपयोग होत नाही.

ती गेली त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर सुलोचनाच्या मामांनी, सदाशिवरावांनी, बाहेरच्या देशातून एक कॉम्प्युटर आणून दिला. आताच्यासारखा नव्हे. जाडसर कीबोर्ड, त्यातच सगळं यंत्र. पडदा म्हणून घरचा टीव्ही. लिहिलेला प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. आई गेल्यापासून गप्प झालेली पोरगी त्याच्यासमोर बसली की तिचा चेहरा बदलायचा.

नागपूरच्या एका खासगी क्लासला कॉम्प्युटर शिकवायला मुली हव्या होत्या. स्वतः लिहिलेला प्रोग्राम घेऊन या, चालला तर जागा तुमची, असं त्यांचं पत्र आलं. मे महिन्याचा पहिला सोमवार. सुलोचनाला ती जागा हवी होती. त्याहून जास्त, तिला या घरातून बाहेर पडायचं होतं. ती तसं बोलली नाही. मला कळत होतं.

तिचा प्रोग्राम लहान मुलांना पाढे विचारायचा. पडद्यावर प्रश्न यायचा आणि यंत्र उत्तराची वाट बघत थांबायचं.

हिवाळाभर सगळं नीट चाललं.

मार्च संपला, आणि यंत्र अडकायला लागलं.

लिहिता लिहिता पडद्यावरचा लुकलुकणारा चौकोन थांबायचा. कुठलंही बटण दाबा, काही नाही. बंद करून सुरू केलं की तोवर लिहिलेलं सगळं पुसलेलं. कॅसेटवर साठवायला घ्यावं तर मध्येच अडकायचं.

रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे बंडूजी आले. त्यांनी कॉम्प्युटर जन्मात पाहिला नव्हता, पण ते तसं कबूल करणारे नव्हते.

"सर, हा कूलर दुश्मन हाये," ते म्हणाले. "त्याच्या मोटरनं लाइन खराब होऊन राह्यली. तो बंद ठेवा."

"एवढ्या गरमीत?" सुलोचना म्हणाली.

"नोकरी पाह्यजे का हवा पाह्यजे, पोरी?"

कूलर बंद केला. यंत्र अडकलंच. त्यांनी दुकानातून स्टॅबिलायझर आणून लावला. तरी अडकलं.

"आता काय?" मी विचारलं.

"आता तिले ताक पाजा," बंडूजी हसत म्हणाले. "मशीनले बी तहान लागत असंन."

सुलोचना हसली. मला हसू आलं नाही.

कूलरची घरघर बंद झाली तशी घरात पहिल्यांदाच दुपारची खरी शांतता पसरली. बंडूजी गेले. सुलोचना लिहीत होती. मी शेजारी पुस्तक उघडून बसलो होतो.

आणि आतल्या खोलीतून...

टक... टक.

पडद्यावरचा चौकोन थांबला.

सुलोचनाची बोटं बटणांवर तशीच राहिली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही.

"भांडं पडलं असंन," मी म्हणालो.

"पडलेलं भांडं असं थांबून थांबून वाजते का, बाबा?"

मी आत जाऊन पाहिलं. पलंग कधीच माळ्यावर टाकला होता. त्याच्या जागी धान्याची कोठी होती. खोलीत वाजण्यासारखं काही नव्हतं.

नंतर मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. सकाळी काठोकाठ भरलेला माठ... कोरडा होता. माठ पाझरला तर खाली ओल असते. खालची फरशी कोरडी, तिवई कोरडी. आतून हात फिरवला, तर भाजलेल्या खापरासारखा गरम.

मला वाटलं, सुलोचनाने भरला नसेल. तिला वाटलं, मी रिकामा केला असेल. आम्ही एकमेकांना विचारलं नाही. त्या घरात आम्ही बऱ्याच गोष्टी एकमेकांना विचारत नव्हतो.

त्यानंतर रोज तेच. दुपार, शांतता, टकटक, आणि अडकलेलं यंत्र.

शुक्रवारी अक्षय तृतीया होती. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर पाण्याने भरून ठेवतात. शेजारच्या तानाबाईंनी सकाळीच कुंपणावरून विचारलं.

"भाऊ, वहिनीची घागर भरली का? पहिलीच हाय तिची."

"बघतो," मी म्हणालो.

"बघतो काय? भरून टाका. उन्हाचं कोनाले तहानलेलं ठेऊ नाई."

मी आत आलो. घागर आणली होती. कोपऱ्यात कोरडीच होती. माझा विश्वास नव्हता असं नाही. मला लाज वाटली. जिला जिवंतपणी मोजून पाणी दिलं, तिच्या नावाने आता घागर भरायची? ती बघत असेल तर काय म्हणेल? मी तिथेच उभा राहिलो, आणि मग कॉलेजला निघून गेलो. सुट्टी होती, तरी गेलो.

त्या दिवशी यंत्र धड सुरूच झालं नाही.

संध्याकाळी सुलोचना टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर बसून होती. "मी नागपूरले जात नाई," ती म्हणाली. "जाऊ द्या. नाईच होनार हे." आवाज अगदी सपाट होता. आई गेल्यावर ती अशीच बोलायची.

शनिवारी सकाळी मी लायब्ररीत घरगुती वायरिंगचं एक जुनं पुस्तक काढलं. त्यात अर्थिंगचं प्रकरण होतं. घराची विजेची एक तार जमिनीत पुरलेल्या धातूच्या पत्र्याला जोडलेली असते. जमीन ओली असेल तोवर ती काम करते. माती सुकली की निरुपयोगी. नाजूक यंत्रं बिघडतात. उन्हाळ्यात त्या जागी पाणी घालत राहावे.

मी पुस्तक मिटलं. आमची अर्थिंगची जागा मला आठवली.

परसात, भिंतीच्या कोपऱ्यात. तिथे त्या पुरलेल्या पत्र्याचा लोखंडी पाइप जमिनीतून वर आलेला होता, आणि त्याला टेकून कमलाने मोगरा लावला होता. माठातलं आदल्या दिवशीचं शिळं पाणी ती रोज सकाळी त्या मोगऱ्याला टाकायची. तिला अर्थिंगचं काही माहीत नव्हतं. ती गेली, पाणी थांबलं. पावसाळ्याची ओल हिवाळाभर पुरली. आता मोगऱ्याच्या काड्या उरल्या होत्या आणि मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

मला इतका आनंद झाला की मी घरी जवळजवळ पळतच आलो. कारण सापडलं होतं! टकटकसुद्धा उन्हाने तापणाऱ्या छपराच्या पत्र्याची असेल. सगळं पुस्तकात होतं.

ऊन डोक्यावर आलं होतं. सुलोचनाला यंत्र सुरू करायला सांगून मी तांब्या घेऊन परसात गेलो. त्या दिवसांत नळ एक दिवसाआड यायचा, पाणी जपून वापरायचो. एक तांब्या ओतला. माती काळीसुद्धा झाली नाही. आणखी एक ओतला.

मग सवयीने हात आखडला.

"आता संध्याकाळी," मी म्हणालो.

कोणाला म्हणालो, ते माझं मलाच कळलं नाही. पण शब्द ओळखीचे होते.

आणि घरातून...

टक... टक.

"बाबा," सुलोचनाची हाक आली. "बंद पडलं."

मी न्हाणीतली बादली उचलून आणली आणि सगळी ओतली.

तेव्हा तो आवाज आला.

गट्... गट्... गट्...

थोडा थांबला. माणूस श्वास घ्यायला भांड्यातून तोंड वर काढतो, तेवढाच.

पुन्हा... गट्... गट्...

काळी माती, खोल भेगा, आतली हवा बाहेर येते आहे. मी स्वतःला हे सांगत होतो.

"बाबा, कोनाले पाजून राह्यले?"

सुलोचना मागच्या दारात उभी होती. ती ऐकत होती.

"अर्थिंगले," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. आई आजारी असताना बघायची, तशीच. मग आत गेली. मला वाटलं, आता ही माझ्याशी कधीच बोलणार नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कवेत ती कोरडी घागर होती. आता ती भरलेली होती. घरातलं प्यायचं सगळं पाणी तिने त्यात ओतलं होतं.

"आज मोजू नका, बाबा," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी मिळून ती घागर ओतली. मग टाकीतलं पाणी आणलं. मग तानाबाईंकडून मागून आणलं. मोगऱ्यापाशी वाकलो होतो तेव्हा सुलोचना रडत होती. मीही.

त्या दुपारी यंत्र एकदाही अडकलं नाही. प्रोग्राम कॅसेटवर साठवला गेला. सोमवारी सुलोचना नागपूरला गेली, आणि जागा तिला मिळाली. ती गेली तेव्हा कॉम्प्युटरही सोबत नेला.

इथे गोष्ट संपली असती तर मी लिहिली नसती.

काही वर्षांनी घराचं वायरिंग बदललं. नवीन अर्थिंग समोरच्या अंगणात घेतलं. मागची तार कापून टाकली. त्या कोपऱ्यात पुरलेल्या पत्र्याचा आता घराशी काही संबंध नाही. तिथे पाणी घालायचं काही कारण उरलं नाही.

एका उन्हाळ्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी सुलोचनाकडे राहिलो. घराला कुलूप होतं. परत आलो तेव्हा तानाबाईंची सून म्हणाली, "काका, तुमच्या घरात दुपारचं कोन भांडं आपटत होतं? उंदीर असतीन का?"

"असतील," मी म्हणालो, आणि बादली घेऊन मागे गेलो.

मोगरा पुन्हा फुटला नाही. एवढं पाणी जातं, पण तिथे गवताची काडी येत नाही. संध्याकाळी हात लावावा तर माती कोरडी.

सुलोचना त्या दिवसाबद्दल कधी बोलत नाही. ऊन तापायला लागलं की फोनवर शेवटी एवढंच विचारते, "पानी टाकलं का, बाबा?"

मी हो म्हणतो.

रोज दुपारी मी तिथे उभा राहतो. बादली ओततो आणि ऐकतो. तो गटगट आवाज आपणहून थांबला आणि पाणी वर साचून राहिलं, की समजायचं पुरलं, असं मी मनाशी धरलं आहे.

आजवर तसं एकदाही झालेलं नाही.

दर वेळी बादलीच आधी संपते.