शेरा : गंधहीन

ते पाणी मी प्यायलो नव्हतो, असं मला आठवतं. पण माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. एखादी गोष्ट चाळीस वर्षं स्वतःलाच सांगत राहिलं, की ती घडली होती की आपणच रचली, हे कळेनासं होतं. जेवढं बऱ्यापैकी खात्रीचं आहे, तेवढं सांगतो.

तेव्हा मी पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मुख्य रसायनतज्ज्ञ होतो. डॉक्टरेट मिळवलेला, आणि घरात टोपणनाव 'नाक'. दूध नासायच्या आधी मला कळायचं. सासुरवाडीला भाजी शिळी आहे का हे ठरवायला पातेलं माझ्यापुढे यायचं. मात्र ज्या सहलीबद्दल सांगतोय, तिच्या दोन वर्षं आधी प्रयोगशाळेत एक फ्लास्क फुटला, वायू नाकात गेला आणि त्या दिवसापासून मला कसलाच वास येईना. हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या तक्त्यात पहिला रकाना वासाचा. नाक गेलेल्या माणसाला तिथे कशाला ठेवतील? मी बाटली नाकाशी धरायचो, डोळे मिटायचो आणि लिहायचो : गंधहीन.

त्या रविवारी मेहुण्याला घेऊन डोंगरातल्या तळ्याला फेरी मारायला निघालो. पायी सहा तासांची वाट. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बडबडीमुळे सगळे त्याला पोपट म्हणत. काविळीतून नुकताच उठला होता. उकळलेलं पाणी भरून देताना बायकोनं मला बजावलं, "याला बाहेरचा एक थेंब द्यायचा नाही. पुन्हा उलटलं तर डॉक्टरांनी हात वर केलेत. तुमच्या भरवशावर सोडतेय."

तळं सुंदर होतं, यात शंका नाही. डोंगर त्यात उलटे उभे होते. बारा वाजता पलीकडच्या काठावर जेवायला बसलो आणि कळलं, की बाटलीचं झाकण मी नीट लावलंच नव्हतं. पाणी सगळं पिशवीत सांडलेलं, पावाचा लगदा झालेला.

"भाऊजी, घसा नुसता कोरडा पडलाय. हे बघा ना, काय नितळ आहे!"

खरंच नितळ होतं. तळाचा एकेक खडा दिसत होता. शेवाळ नाही, मासा नाही, पाण्यावर एक किडासुद्धा नाही. याचा अर्थ माझ्यासारख्या माणसाला तरी तिथल्या तिथे कळायला हवा होता.

"मला सर्दी झालीय, तुम्ही हुंगून सांगा. तुमचं नाक म्हणजे सरकारी शिक्का!"

मी पेला भरला. नाकाशी धरला. डोळे मिटले.

"काही नाही," मी म्हणालो. "पी."

तो दोन पेले प्यायला. "गोड आहे हो!" म्हणत पिशवीतला दुसरा पेला काढून, भरून त्यानं माझ्यापुढे केला. मी नको म्हणालो. असं मला आठवतं.

पुन्हा चालू लागलो आणि मला वास आला. दोन वर्षांनंतरचा पहिला वास. कबूल करतो, क्षणभर आनंदच झाला. मग तो नीट कळला. महिनाभर फुलदाणीत राहिलेलं पाणी, कपाटामागे मेलेला उंदीर, आणि त्यावर काहीतरी गोडसर, साईसारखं, टाळूला चिकटणारं. पोपट पुढे चालत होता. तो गप्प असला की वास थांबायचा. बोलला की यायचा.

"काय झालं भाऊजी? चेहरा असा का?"

"तू... जरा न बोलता चाल."

"घ्या! ताईनं बरोबर कशाला पाठवलंय मग, ओझी उचलायला?"

मी झुडपाआड जाऊन ओकलो. तो धावत आला, माझी पाठ चोळू लागला आणि कानाशी वाकून म्हणाला, "बरं वाटतंय का?" त्या उबदार श्वासानं मी पुन्हा ओकलो. त्याच्या बुटांवर.

फेरी संपता संपता एक नावाडी आपल्या पालथ्या घातलेल्या नावेला डांबर लावत बसला होता. आम्ही जवळ जाताच त्यानं खांद्यावरचं फडकं नाकाला लावलं.

"पाणी कुठलं प्यायलात?"

मी पलीकडचा काठ दाखवला.

"तिकडचं आम्ही भांड्यालाही लावत नाही."

"का? नितळ तर आहे," पोपट म्हणाला.

"नितळ आहे ना..." नावाडी म्हणाला. पण तो पोपटाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

घरी बायकोनं भावाचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "रंग आलाय की रे तुला!" तिला कसलाच वास आला नाही. मग पिशवी रिकामी करताना तिनं विचारलं, "दोन्ही पेले ओले कसे?"

"पाणी सांडलं होतं," मी म्हणालो. सांडलं होतंच.

कावीळ उलटली नाही. पोपट पुढे पस्तीस वर्षं धडधाकट जगला. तो आला की मी खिडकीशी बसायचो, श्वास रोखून हो-ला-हो करायचो. "माझ्या भावाची एवढी शिसारी?" बायको विचारायची. खरं उत्तर द्यायचं तर नाकाचं खरं सांगावं लागलं असतं. दिलं नाही.

तो झोपेतच गेला. त्याच्या उशाशी उभा राहिलो, तर वास नव्हता. सांगायला लाज वाटते, मी छाती भरून श्वास घेतला. घरी आलो. चहाचा कप तोंडाशी नेला आणि माझाच श्वास कपावर आपटून परत आला. फुलदाणी. उंदीर. साय.

दात तपासून घेतले, पोट तपासून घेतलं. शेवटी नाकाच्या डॉक्टरांकडे गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या फ्लास्कचं खरं सांगितलं. त्यांनी कॉफी हुंगायला दिली, कापूर, लवंग, शेवटी अमोनिया. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही.

"आजोबा, गंधाची नस पूर्ण मेलेली आहे, आणि फार जुनी गोष्ट आहे ही. तुम्हाला कुठलाही वास येणं शक्य नाही." तसं त्यांनी लिहूनही दिलं. तो कागद माझ्याकडे आहे.

म्हणजे सगळे मनाचेच खेळ. मी सुटकेचा मोठा निःश्वास टाकला.

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. उठून खिडकी उघडली. तिथेच, पाठमोरे उभे राहून, रुमालाआडून त्यांनी हलकेच विचारलं,

"आजोबा... पाणी कुठलं पिता तुम्ही?"