हँडब्रेकची दुसरी वायर

२०४७ साली डोंगरातल्या कुठल्याही वाडीतली गाडी कुठे उभी आहे, तिचं दार लागलंय का, हँडब्रेक ओढलाय का, हे सगळं तालुक्याच्या 'राखण' नावाच्या यंत्रणेला क्षणोक्षणी कळत असे. त्यामुळे कस्तुरीचे बाबा दिगंबर गेले, त्या सकाळी काय झालं हेही राखणीलाच ठाऊक असणार, असं सगळे धरून चालले.

दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस. बाबा दुधाचा टेम्पो उतारावर उभा करून कॅन घ्यायला उतरले. टेम्पो मागे सरकू लागला. ते धावत जाऊन त्याला पाठ लावून उभे राहिले, आणि टेम्पो त्यांना घेऊनच दरीत गेला. राखणीच्या नोंदीत होतं : 'हँडब्रेक ओढलेला नव्हता.' टेम्पो वर काढताना कोणीतरी ब्रेकचा लिव्हर खाली केला होता, त्यामुळे दुसरा पुरावा उरला नव्हता. लोक हळहळले, पण दिगंबरचा निष्काळजीपणा नडला, असंही म्हणत राहिले. आई घराबाहेर पडेनाशी झाली.

कस्तुरीला हे काही केल्या पटेना. तिने शाळेतल्या पडद्यावर टेम्पोच्या महिनाभराच्या नोंदी उघडल्या. दसऱ्याआधी रोज वीस-बावीस वेळा 'ओढला'. दसऱ्यानंतर एकदाही नाही. बारा वर्षं घाटात गाडी चालवणारा माणूस एकाएकी ब्रेकच विसरेल? नोंदी घेऊन ती अण्णांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे गेली. घाटातल्या निम्म्या गाड्यांचं वायरिंग त्यांच्या हातचं होतं.

अण्णांनी नोंदी दोनदा वाचल्या. मग तिला मोडक्या टेम्पोपाशी नेऊन समजावू लागले. लिव्हरखाली छोटा स्विच असतो. लिव्हर ओढला की तो जोडला जातो. मग राखणीच्या डब्यातून आलेली वीज स्विचमधून टेम्पोच्या पत्र्यात उतरते आणि पत्र्यातून बॅटरीकडे परतते. असा परिपथ (विजेची जाऊन परत यायची अखंड वाट) पूर्ण झाला की राखण 'ओढला' लिहिते. वाट कुठेही तुटली की 'नाही' लिहिते. ब्रेक खरोखर ओढलेला असला तरीही.

त्यांनी स्विचचा स्क्रू काढला. खाली हिरवागार रंग होता. रंग विसंवाहक (वीज जाऊ न देणारा) असतो, त्यामुळे स्विचमधली वीज पत्र्यात उतरतच नव्हती. दसऱ्याच्या पूजेसाठी कस्तुरीनेच बाबांबरोबर केबिन रंगवली होती.

"म्हणजे माझ्यामुळे?" तिने विचारलं.

"रंगाने टेम्पो सरकत नाही, पोरी. तो फक्त मुका झाला, आणि तोही माझ्यामुळे. रंगवल्यावर स्विच परत मी बसवला. खालचा रंग खरवडायचा असतो, मला माहीत होतं. पण तू एवढ्या हौसेने दिलेला रंग, ओरखडा काढायचं जिवावर आलं."

अण्णांना रडताना तिने पहिल्यांदाच पाहिलं. तिलाही रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी चौकशी अधिकाऱ्यांपुढे आपली चूक सांगितली. नोंद बदलली : 'माहीत नाही.' कस्तुरी चिडली. तिला 'ओढला होता' हवं होतं.

"ते आता कोणालाच सांगता येणार नाही," अण्णा म्हणाले. "पण ओढला नव्हता, असंही आता कोणी म्हणू शकत नाही."

मग दोघांनी नवी जोडणी तयार केली. एक वायर 'ओढला' सांगणार, दुसरी 'सोडला'. दोन्ही गप्प राहिल्या तर राखणीने अंदाज करायचा नाही. 'माहीत नाही' असं कबूल करायचं आणि चालकाला लगेच कळवायचं. तालुक्याने ती सगळ्या गाड्यांना बसवायचं ठरवलं.

पहिला टेम्पो आला. अण्णांनी रंग खरवडून पत्रा लखलखीत केला आणि कस्तुरीने स्क्रू पिळले. चालकाने लिव्हर ओढला. पडद्यावर 'ओढला' उमटलं. किती साधा शब्द, पण बाबांच्या नावापुढे तो कधीच येणार नव्हता. कस्तुरीने डोळे पुसले आणि पुढच्या गाडीला हात केला.