साठ मीटर अलीकडची रेषा

रोहित, तो मोबाइल ठेव बाजूला. तुमच्या युनिव्हर्सिटीचा कार्यक्रम मलाही आलाय, चार ग्रुपांवर आलाय. सोमवारी व्याख्यान, मंगळवारी लोकनृत्य, बुधवारी सकाळी मैदानी स्पर्धा, संध्याकाळी सुगम गायन आणि गुरुवारी एकांकिका, त्यात तुमची. एका आठवड्यात एवढं कोंबायचं म्हणजे एकाच डब्यात श्रीखंड आणि लोणचं भरल्यासारखं आहे. पण सांगणार कोण.

आणि गौरी, गच्चीवर जागा पुरत नाही म्हणून उद्यापासून रात्री युनिव्हर्सिटीच्या मैदानावर तालीम करायची म्हणतेस ना? कर. मी अडवणार नाही. फक्त आधी बळीरामचं ऐकून घे. मी भुताखेतांतला माणूस नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पस्तीस वर्षं मराठी शाळेत पी.टी. शिकवली. मोजता येतं तेवढंच मी खरं मानतो. म्हणूनच ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही.

बळीराम म्हणजे आपल्या मागच्या गल्लीत राहायचा तो. मूळ मेहकरकडचा. सुरतेत आला तो लूमवर, मग पलसाण्याला डाइंग मिलमध्ये, आणि शेवटी युनिव्हर्सिटीच्या मैदानावर कामाला लागला. मैदान झाडायचं, पाणी मारायचं आणि स्पर्धा आली की फक्की टाकायची. फक्की म्हणजे ती चुन्याची पूड, जिच्यानं पळायच्या पट्ट्या आखतात. चाकाच्या डब्यातून सोडायची. सोपं वाटतं, पण वळणावर आठ पट्ट्या सारख्या आणायच्या म्हणजे चेष्टा नाही. बळीरामची रेषा म्हणजे रेषा. मी कितीतरी वर्षं तिथं पंच म्हणून जातोय, टेप लावून पाहिलीय.

त्याचा मुलगा लखन, माझ्याच शाळेत शिकलेला. पाच हजार मीटर पळायचा. साडेबारा फेऱ्या. जानेवारी तेवीसच्या स्पर्धेत तो पहिला होता, मागचा शंभर मीटर लांब. शेवटच्या फेरीत वळण संपवून सरळ पट्टीवर आला आणि पडला. रेषा साठ मीटरवर होती. रेषेवर फीत धरून उभा होता त्याचा बापच. हृदय बंद पडलं म्हणाले. कुणाची चूक नव्हती. बावीस वर्षांचं पोर.

बळीराम रडला नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर आला आणि जिथं पोरगं पडलं होतं तिथंही पाणी मारून मोकळा झाला. लोक म्हणाले, दगड आहे. दगड नव्हता रे, बधिर झाला होता. भाजीत मीठ नसलं तरी जेवायचा, दुप्पट असलं तरी जेवायचा. त्याची बायको कमल त्याच्याशी भांडायची, ओरडायची. हा नुसता बघत राहायचा. मला एकदा म्हणाला, "सर, हात पोळला तरी समजत नाई आता."

त्यात धाकटी ज्योती. तिनं त्या वर्षी कॉलेजात नाव घातलं आणि निवडली काय, तर पाच हजार मीटर. त्याच मैदानावर. कमलनं घर डोक्यावर घेतलं. त्या मैदानानं एक घेतलाय, दुसरा देणार नाही म्हणाली. ज्योती बापाकडे आली. "पप्पा, दादाचे साठ मीटर राहिलेत. मला पळायचंय. तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी बोला." बळीरामला होही वाटत नव्हतं आणि नाहीही वाटत नव्हतं.

आता तारीख लक्षात ठेवा. नऊ जानेवारी चोवीस, मंगळवार. परवावर अमावस्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ज्योतीची शर्यत. त्या दिवशीही असाच कार्यक्रम कोंबलेला. दुपारी व्याख्यान, संध्याकाळी मैदानाच्या कडेच्या मंचावर लोकनृत्य. पब्लिकनं गाड्या लावल्या त्या थेट पट्ट्यांवर. पोंक, म्हणजे आपला हुरडा, खाऊन कागद तिथंच टाकले. उतराण, म्हणजे इथली संक्रांत, पाच दिवसांवर, त्यामुळे कापलेले पतंग जिथंतिथं पडलेले. सगळे जाईपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले. मग बळीरामनं झाडून काढलं आणि फक्की टाकायला घेतली. एकटाच होता. मदतीला कुणी नको म्हणाला होता.

पावणेबाराला शेवटची रेषा मारून झाली. तो डब्याला टेकून बसला. पॅव्हेलियनवरचा एक हॅलोजन चालू होता. पलीकडची बाजू काळोखात.

त्या पलीकडच्या बाजूनं पळण्याचा आवाज आला.

खिळ्यांच्या बुटांचा. खस, खस, खस. बळीरामला वाटलं, कुणी पोरगा उद्याच्या काळजीनं सराव करतोय. त्यानं हाक मारली, रेषा मोडू नको म्हणाला. उत्तर आलं नाही. आवाज वळणावर आला, उजेडात आला, त्याच्या समोरून गेला.

समोर कुणी नव्हतं.

नुसता आवाज आणि श्वास. दोनदा आत, एकदा बाहेर. लखनला तशी सवय मीच लावली होती.

मला हे सांगताना बळीराम म्हणाला, "सर, भेव बी वाटलं नाई. काईच वाटलं नाई." तो तिथंच बसून राहिला आणि त्यानं फेऱ्या मोजायला घेतल्या. रेषेवरून पहिल्यांदा गेला तेव्हा बारा उरल्या. मग अकरा. मग दहा. मुलगा असता तर जसा बसला असता, तसा बसून मोजत होता. बारा फेऱ्या झाल्या. शेवटचं वळण संपलं. आणि साठ मीटरवर...

आवाज थांबला.

पडल्याचा आवाज नाही. काहीच नाही. थोड्या वेळानं पलीकडच्या काळोखातून पुन्हा सुरू झाला. पुन्हा पहिल्यापासून. खस, खस.

मग बळीरामला कळलं. पोरगं वर्षभर पळतंय. रोज रात्री, तिथपर्यंतच. आणि हा दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तिथं पाणी मारतोय. हे समजूनही त्याला रडू आलं नाही. तो बसला. दुसऱ्यांदा मोजायला लागला. त्याला ते बरं वाटत होतं, असं म्हणाला. बरं वाटणं म्हणजे काय हे तो वर्षभर विसरला होता.

सहा फेऱ्या झाल्या.

सातव्या फेरीला आवाज वेगळा आला. त्यानं कान दिला. लखनची पावलं होती, पण एकटी नव्हती. मागे आणखी पावलं होती. हलकी, अनवाणी. डावं पाऊल जरा आत पडणारं.

मुलं चालायला लागतात तेव्हापासून बाप त्यांची पावलं ऐकत असतो. घरात कोण चाललंय हे न बघता सांगतो. ती पावलं कुणाची हे त्याला विचारावं लागलं नाही.

त्यानं घरी फोन लावला. कमलनं उचलला.

"ज्योती कुठी हाय?"

"झोपली हाय ना. का वो?"

"जवळ जाऊन पाह्य."

ती गेली. इकडे दोन्ही पावलं त्याच्या समोरून गेली. आठवी.

"झोपलीच हाय," कमल म्हणाली. "पन झोपीत पाय हालवून रायली."

तो उभा राहिला.

"उठव तिले."

"उठूनच नाई रायली... अंग तापलं हो तिचं... धापा टाकून रायली..."

नववी गेली. दहावी. बळीरामनं हाका मारल्या. लखनला मारल्या, ज्योतीला मारल्या. तो पट्टीत आडवा उभा राहिला. पावलं त्याच्या अंगातून गेल्यासारखी गेली. थंड वाटलं नाही की गरम वाटलं नाही. फोनवर कमल रडत होती. अकरावी.

पुढे काय होणार ते त्याला माहीत होतं. साठ मीटरवर लखन थांबणार. आणि त्याच्या मागे पळणारी...

बळीराम घाबरला. वर्षभरात पहिल्यांदा. मला म्हणाला, सर, भीती आली म्हणून मी जिवंत आहे हे कळलं.

तेवढ्यात घंटा वाजली.

शेवटच्या फेरीची घंटा. ती घंटा ऑफिसात कुलपात होती.

एक फेरी. फार तर ऐंशी सेकंद.

त्याला एकच काम येत होतं. त्यानं तेच केलं. फक्कीचा डबा ओढत तो साठ मीटर मागे पळाला. चाक अडकलं. सोडलं. डबा उपडा केला. दोन्ही हातांनी चुना उचलला आणि लखन पडला होता त्या जागेच्या सात पावलं आधीच रेषा ओढायला लागला. आठही पट्ट्यांवरून. वाकडी. आयुष्यात एवढी वाकडी रेषा त्यानं मारली नव्हती. दवानं ओले हात, ओला चुना. हात भाजत होते. ते कळत होतं.

पावलं वळणावर आली.

तो रेषेच्या कडेला गुडघ्यावर बसला. ओरडला, "झालं रे बाबा... इथंच हाय रेषा... झालं..."

खस. खस. खस.

आली.

रेषेवरून गेली. आधी एक. मग दुसरं.

मग...

काही नाही.

वारा नाही. पलीकडच्या रस्त्यावर गाडी नाही. खिशातल्या फोनवर कमलचा श्वास तेवढा. किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नव्हतं. मग ती म्हणाली, "थांबली. कूस पालटली तिनं." वेळ बारा अठ्ठावीस.

पहाटे त्यानं ती रेषा झाडून, पाणी मारून पुसली. मैदानावर दोन शेवट ठेवता येत नाहीत. मी साडेसहाला पोचलो तेव्हा त्याचे तळहात सोललेले होते आणि तो मला हे सगळं सांगत होता. अगदी सपाट आवाजात, सामानाची यादी वाचावी तसं. ऐकून मी म्हटलं, मग पोरीला पळू देऊ नकोस. तो म्हणाला, तेच सांगायला निघालो होतो.

ज्योती आली. पाय दुखतायत म्हणाली, रात्रभर कुणी पळवल्यासारखे. बापाच्या हातांकडे तिनं पाहिलं, पण विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "पप्पा, नको म्हणताय?"

मला वाटलं, आता बळीराम नको म्हणेल. त्याचा चेहरा हलला. मग म्हणाला, "मी रात्री त्याले खोटी रेषा देल्ली, बाई. तो शहाना पोट्टा हाय, त्याले समजली असन." थांबला. "तू धाव. साठ मीटर उरले की मांगं पाहू नको."

सातला शर्यत सुटली. चौदा मुली. पाच हजार मीटरला फेऱ्या मोजायला पंच बसवतात, एका पंचाकडे चार धावपटू. प्रत्येकीचा छातीवरचा नंबर लिहायचा आणि ती रेषेवरून गेली की त्या फेरीची वेळ खान्यात टाकायची. मान वर केली तर फेरी चुकते. ज्योती माझ्याकडे होती. मी मोजत होतो आणि बळीराम माझ्या खुर्चीमागे उभा होता. कमल आली नव्हती.

शेवटची घंटा झाली. ज्योती पाचवी होती. वळण संपलं. साठ मीटर. मी वर पाहिलं नाही, पण माझ्या खुर्चीची पाठ बळीरामनं एवढी घट्ट धरली होती की खुर्ची हलत होती. मग खुर्ची हलायची थांबली. ज्योती रेषेवरून गेली. चौथी आली. मी वेळ टाकली. मागे बळीराम खाली बसला आणि रडला. मोठ्यांदा, सगळ्यांसमोर. मी त्याला रडू दिलं. बरं वाटलं मला, खरं सांगतो.

मग मी कागद मुख्य पंचांकडे द्यायला उचलला.

माझ्याकडे चार धावपटू होत्या. कागदावर पाच ओळी भरलेल्या होत्या.

पाचव्या ओळीला नंबर नाही. नाव नाही. पण वेळा आहेत. पहिल्या खान्यापासून शेवटच्या खान्यापर्यंत, एकही खाना रिकामा नाही. अक्षर माझं आहे. माझा चार असा वरून उघडा असतो, तोच चार. मी ते लिहिल्याचं मला आठवत नाही. पंधरावं कुणी पळालेलं मी पाहिलं नाही, तिथं कुणीच पाहिलं नाही.

मी चार ओळी दुसऱ्या कागदावर उतरवून दिल्या. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. बळीरामला मी तो दाखवला नाही. त्या उन्हाळ्यात ते सगळे मेहकरला परत गेले.

ती पाचवी ओळ मी पुष्कळदा वाचलीय. प्रत्येक फेरीला ज्योतीच्या वेळेपेक्षा एक सेकंद मागे. पहिली, दुसरी, सहावी, अकरावी... सगळीकडे एकच सेकंद मागे. जणू तिची पाठ न सोडता.

शेवटच्या खान्यात तो तिच्या एक सेकंद पुढे आहे.